वजन न झालेली मुलं

जव्हारच्या बाजारात अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. दोन मशीन, कापड बेतायचं एक टेबल आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही. शाळेचे गणवेश, लग्नाचे सफारी, ईदचे कुर्ते. गावातल्या निम्म्या माणसांची मापं अब्बांना तोंडपाठ होती. मी सहावीत असताना, वावर-वांगणीकडे मुलं दगावल्याच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांत, एका संस्थेचा माणूस दुकानात आला. जाड मांजरपाटाच्या चाळीस झोळ्या त्याला शिवून हव्या होत्या. लहान मुलाला वजनकाट्याच्या आकड्याला टांगायची झोळी, खाली पाय बाहेर काढायला दोन भोकं. मूल केवढं, अब्बांनी विचारलं. वर्षा-दीड वर्षाचं, तो म्हणाला. माझी धाकटी बहीण तेव्हा तेवढीच होती. अब्बांनी तिच्या बेताने भोकं ठेवली.

आठ दिवसांनी तो सगळ्या झोळ्या घेऊन परत आला. मुलं भोकांतून खाली सरकत होती. अब्बांनी त्याच्यापुढे टेप धरला. त्याने तो घेतला नाही. स्वतःची दोन बोटं जुळवून दाखवली आणि म्हणाला, "पाय एवढा धरा."

अब्बांनी त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून एकेक झोळी उसवायला घेतली. त्या दिवशी ते जेवायला घरी आले नाहीत. डबा घेऊन मी दुकानात गेले, तर त्यांनी माझ्या बहिणीबद्दल विचारलं, काही खाल्लं का तिने म्हणून. ती खात-पीत, रांगत, घर डोक्यावर घेत होती. तरी संध्याकाळी त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

पुढे मी नाशिकला संगणकाचा कोर्स केला आणि तिथेच एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागले. वेबसाइट आणि वेबवर चालणारे प्रोग्राम आम्ही करायचो. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मोखाड्याला केंद्र असलेल्या एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं, आणि मी जव्हारची म्हणून ते माझ्याकडे दिलं गेलं. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरच्याने लिहून घ्यावं असं बोलायच्या.

काम सोपं होतं. पाड्यापाड्यांतून मुलांच्या वजनाचे तक्ते दर महिन्याला केंद्रावर येत. तिथली एक मुलगी टेलिफोनच्या लाइनवर इंटरनेट जोडून ती वजनं आमच्या पानावर भरायची. प्रोग्राम प्रत्येक मुलाचं वय आणि वजन बघून ठरवायचा, हे मूल धोक्यात आहे की नाही. धोक्यातल्या मुलांची यादी छापून निघायची आणि ती घेऊन केंद्राची जीप निघायची. जीप कुठल्या पाड्यावर जाणार आणि कुठल्या नाही, ते त्या कागदावर ठरत होतं.

हा प्रोग्राम माझ्याआधी एका गृहस्थांनी लिहिला होता. ते त्या संस्थेतले जुने कार्यकर्ते, चाळिशीनंतर स्वतःच पुस्तकं वाचून संगणक शिकलेले. आता मुलीकडे परगावी राहायला गेले होते. त्यांची लिहिण्याची पद्धत लांबलचक होती. 'मूल यादीत घ्यायचं का?' एवढ्या प्रश्नाचं उत्तर काढायला त्यांनी सोळा ओळी खर्ची घातल्या होत्या. जर वजन लिहिलेलं नसेल, तर 'खरं' असं उत्तर परत दे. नाहीतर, जर वजन मर्यादेपेक्षा कमी असेल, तर 'खरं' परत दे. नाहीतर 'खोटं' परत दे. मध्ये कंस, मोकळ्या ओळी आणि पुन्हा कंस.

कोर्सला आमचे एक सर होते. अशा लिहिण्यावर ते लाल पेनाने आडवी रेघ मारायचे. ते सांगायचे, वजन मर्यादेपेक्षा कमी आहे का, हे विचारलंत तिथेच 'खरं' किंवा 'खोटं' मिळालं. मग 'खरं असेल तर खरं म्हण' हे कशाला? जे मिळालं तेच परत द्या. मला ते इतकं पटलं होतं की दुसऱ्याच्या कोडमध्ये तशा ओळी दिसल्या की माझे हात शिवशिवायचे.

त्यातच वजनं भरणाऱ्या मुलीची तक्रार आली, यादी फार मोठी होते. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. त्यांची मुलं पाड्यावर नसतात, त्यांचं वजन होत नाही आणि तीच मुलं दर महिन्याला यादीत येऊन बसतात. जीप जाते, घराला कडी, जीप परत. मला वाटलं, ही तर त्या गृहस्थांची चूक आहे. वरवर चाळून मी ठरवलं, वजनाचा रकाना कोरा असला की प्रोग्राम तो शून्य धरतोय, आणि शून्य किलोचं मूल असतं का? मी ऑफिसात हे सांगून हसलेही होते. सोळा ओळी खोडून मी एकच लिहिली: वजन शून्यापेक्षा जास्त असेल आणि मर्यादेपेक्षा कमी असेल, त्याचं जे काही खरं-खोटं येईल, ते परत दे.

यादी एकदम निम्म्यावर आली. पान झटकन उघडू लागलं. ती मुलगी खूश झाली, डॉक्टरबाईंनीही फोनवर "सुटसुटीत झालं" म्हणून सांगितलं. जुनं सोळा ओळींचं कोड मी एका सीडीवर ठेवून दिलं, ते केवळ सवय म्हणून. हे सगळं शिमग्याच्या आधी झालं.

जुलैत केंद्रावर नवा प्रिंटर बसवायचा होता म्हणून मी मोखाड्याला गेले. पाऊस लागला होता. दुपारी सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची अंगणवाडीताई छत्री मिटत आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तक्ता. मी संगणकापाशी बसलेली पाहून तिने मलाच विचारलं, तिच्या पाड्यातली तीन मुलं हल्ली यादीत येत नाहीत, ती बरी आहेत असं धरायचं का.

तिने नावं सांगितली आणि मी ती काढून पाहिली. तिघांच्याही पुढचे रकाने कोरे होते.

"ताई, यांचं वजन कधी केलंत?"

"वजन कुठं झालंय," ती म्हणाली. "मे महिन्यात भट्टीवरून आली, तवा आमचा काटा मोडलेला. मग पाऊस लागला. आधी कशी नावं यायची, मग गाडी यायची, गाडीत काटा असायचा. आता नावं आली नाय. मी म्हटलं, तुमच्या मशीनला काय कळलं असंल."

मी तिला बसायला सांगितलं. पिशवीतल्या कामाच्या सीड्यांतून ती सीडी काढली, जुन्या सोळा ओळी उघडल्या आणि पहिल्यांदाच नीट वाचल्या. वजन नाही, तर 'खरं'. शून्याचा घोटाळा नव्हताच तो. ज्या मुलाबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही ते धोक्यात आहे असं धरा आणि जाऊन पाहा, असं त्या माणसाने जाणूनबुजून लिहिलं होतं, आणि तेही अगदी सुरुवातीला. मी तीच ओळ काढली होती. माझ्या एका ओळीत वजन न झालेलं प्रत्येक मूल 'खोटं' होत होतं, आणि 'खोटं' याचा अर्थ केंद्रावर सगळे जण 'बरं आहे' असा घेत होते. भट्टीवर गेलेली मुलं यादीतून गेली, तशीच भट्टीवरून परत आलेलीही गेली.

डॉक्टरबाई आतल्या खोलीत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी यादी काढ."

जुन्या ओळींवर यादी काढली. परत आलेल्या घरांतली, पण वजन न झालेली अकरा मुलं निघाली. मी नाशिकला फोन करून सांगितलं की मी चार दिवस येणार नाही. कारण सांगितलं नाही.

चार दिवस डॉक्टरबाई, ती अंगणवाडीताई आणि मी, आम्ही तिघी हिंडलो. जीप जाईल तिथवर जीपने आणि पुढे पायी, काटा पिशवीत घालून. ती अंगणवाडीताई पुढे चालायची, कारण वाटाही तिलाच ठाऊक आणि घरातली बोलीही तिलाच. माझी मराठी जव्हारच्या बाजारातली. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माझ्याशी बोलताना शाळेत शिकवल्यासारखं बोलत आणि मग तिच्याकडे वळून खरं काय ते सांगत. पहिलं मूल सापडलं ते ओहोळाच्या काठावर खेकडे धरत होतं. काट्याला टांगलं तर ते पाय झाडत ओरडलं आणि आम्ही तिघी हसलो. दुसरं ठीक. तिसरं जरा कमी. दर घरापुढे पोचताना मी आवाज ऐकायचा प्रयत्न करायची, मूल रडतंय का, खेळतंय का. रडणं ऐकू आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

सातवं मूल रडत नव्हतं. आईच्या मांडीवर डोळे उघडे ठेवून पडलं होतं. झोळीत त्याचे पाय मीच घातले. काट्याचा काटा हलला आणि लगेच थांबला. डॉक्टरबाईंनी आकडा मोठ्याने वाचला नाही, मला दाखवला. त्याला त्याच जीपने जव्हारच्या दवाखान्यात नेलं. पंधरा दिवस ते तिथे होतं आणि बरं होऊन घरी गेलं. माझ्या सांगण्यावरून अब्बा रोज त्या मुलाच्या आईला घरून डबा पोचवायचे. ते मूल कोण, मला एवढं का त्याचं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

अकरावं घर ओहोळाच्या पलीकडच्या पाड्यावर होतं. तिथली अंगणवाडीताईची जागा रिकामी होती, पावसात इकडून कोणी जात नव्हतं. नोंदीत त्या मुलीचं नावही नव्हतं. आईचं नाव लिहून पुढे 'ची मुलगी' एवढंच. दिवाळीच्या वेळी सात महिन्यांची होती, एकदाच वजन झालेलं, मर्यादेच्या किंचित वर.

घरात कोणी नव्हतं. शेजारच्या म्हातारीने खाली भाताच्या खाचराकडे हात केला. तिथे आवणी चालली होती, आठ-दहा बायका वाकून भाताची रोपं लावत होत्या. ताईने हाक मारली. एक बाई कमरेत सरळ झाली, हातातली रोपांची मूठ शेजारणीकडे दिली आणि बांधावर आली. विशी-बाविशीची असेल. ताई तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलली. मला शब्द निम्मेच कळत होते, पण ताईचा चेहरा मला दिसत होता, त्यामुळे उरलेलं कळलं. भट्टीवर हगवण लागलेली. तिथून आणली तेव्हा बरी होती. मग पावसात परत लागली. वाट बंद झाली होती.

मग मला समजावं म्हणून असेल, तिने मराठीत विचारलं, "तुमी कशाला आल्या?"

ताई म्हणाली, "पोरीचं नाव आलं यादीत. म्हणून."

"आता आलं?" ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. एस.टी. उशिरा आली तर विचारावं तसं विचारलं तिने. मी मान हलवली. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग शेजारीण माझीही ओळ लावतेय असं म्हणून ती पुन्हा खाचरात उतरली.

ओहोळ ओलांडून जीपपर्यंत यायला तास लागला. जीपमध्ये मी डॉक्टरबाईंना विचारलं, जूनमध्ये यादीत नाव आलं असतं तर ती वाचली असती का. मी काय ऐकायला विचारत होते, ते त्यांना कळलं असणार.

"गेलो असतो तर वाचली असती, असं मी तुला सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "वाचली नसती असंही नाही सांगू शकत. तू मला तिसऱ्यांदा विचारलंस तरी हेच सांगेन."

मी पुन्हा विचारलं नाही. पण स्वतःला विचारायचं काही थांबलं नाही.

त्या आठवड्यात मी त्या गृहस्थांचा फोन नंबर मिळवला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, कोरा रकाना असला तर 'खरं' ही ओळ त्यांनी का घातली होती. त्यांना आठवायला क्षणभरही लागला नाही. मुलं दगावत होती त्या वर्षी ते आजारी मुलांच्या याद्या घेऊन पाड्यांवर फिरायचे, म्हणाले. यादीतल्या मुलांना औषध द्यायचं, आहार द्यायचा. आणि एखाद्या घरावरून पुढे जाताना आतून कोणी सांगायचं, आमचं कालच गेलं. ते घर यादीत नसायचं, कारण तिथे काटा घेऊन कोणी पोचलंच नव्हतं.

"ती ओळ सगळ्यात वर ठेवलीय ना अजून?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "केवढी होती?" मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

प्रोग्राम मी बदलला, अर्थातच. 'खरं' आणि 'खोटं' एवढ्यावर न सोडता तीन उत्तरं ठेवली: धोक्यात आहे, नाही, आणि वजन झालेलं नाही. तिसऱ्या उत्तराची यादी वेगळी छापून जीपमध्ये वर ठेवायची, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची नोंद वेगळी, परतलं की ताईने कळवायचं. केंद्रावरच्या मुलीला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तक्रार मीच केली होती. मी तिला म्हटलं, तू यादी लांब आहे म्हणालीस, ती खोड असं नव्हतीस म्हणाली. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. पुढे कित्येक दिवस ती माझ्याशी बोलताना खाली बघायची.

नंतर मी पुण्याला मोठ्या कंपनीत गेले. तिथे नव्या मुलामुलींचं कोड तपासायचं काम माझ्याकडे असायचं. कोणी 'खरं असेल तर खरं, नाहीतर खोटं' असं सहा ओळींत लिहिलेलं आलं की ते एका ओळीत करायला मी सांगायचेच. ते चुकीचं नव्हतं, आणि आजही नाही. फक्त त्याआधी मी त्यांना उठवून शेजारी बसवायची आणि विचारायची, यातली कुठली गोष्ट तुला माहीत नसू शकते, ते सांग. काही जणांना तो माझा विक्षिप्तपणा वाटायचा. मी त्याचं कारण कधी सांगितलं नाही. दुपारच्या उजेडात, शंभर माणसं भोवती काम करत असताना, एखाद्या तक्त्यात कोरा रकाना दिसला की मला खाचरातून बांधावर येणारी ती बाई दिसायची, आणि पुढचं काय ते ती बोलण्याआधीच मला ऐकू यायचं.

पण त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. मुलगी गेली, म्हणजे तिची नोंद बंद करायला हवी होती. निघण्याआधी ताईने बांधावरून ओरडून आईला विचारलं होतं, नाव काय ठेवलं होतं. आईने नाव सांगितलं. भट्टीवर असताना ठेवलेलं, शेजारच्या झोपडीत राहणाऱ्या कुणा बाईने सुचवलेलं. तारीख मात्र तिला सांगता आली नाही. आवणीच्या आधी, राबातली रोपं उपटायला घेतली त्याच्या आधी, एवढंच.

केंद्रावर बसून मी 'ची मुलगी' खोडून तिथे ते नाव लिहिलं. मग खाली मृत्यूची तारीख. तो रकाना कोरा ठेवून बटण दाबलं तर पानावर लाल अक्षरं आली, तारीख भरल्याशिवाय नोंद घेता येणार नाही. ती अटही मीच घातली होती, त्याच शिमग्याच्या आधीच्या दिवसांत, सगळं स्वच्छ आणि सुटसुटीत करताना. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंदाजाने टाक एखादी. मी टाकायला घेतली. महिना लिहिला आणि थांबले. तिच्याबद्दल आम्हाला जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक असल्यासारखं पुन्हा एकदा लिहायचं, हे माझ्याच्याने झालं नाही.

मी प्रोग्राम उघडला आणि ती अट काढून टाकली. तारखेशेजारी 'माहीत नाही' असा एक पर्याय घातला. लाइन दोनदा तुटली, बाहेर पाऊस धरून होता, अख्खी दुपार त्यात गेली. अंधार पडायच्या आत नोंद झाली.